लाल घर दोनदा

'जबाबदार व्यक्ती' म्हणून सही कुणी करायची, हा प्रश्न निघाला तेव्हा पालकसंघाच्या बैठकीला अकरा माणसं होती, आणि अकराही जणांना एकाच वेळी आपापल्या चपलांकडे बघावंसं वाटलं. चावीताईंनी तेवढी मान लवकर वर केली. अध्यक्षांनी ती हेरली.

"चावीताई, तुम्ही कराल ना? नुसती सही आहे."

चावीताईंचं दुकान शाळेच्या मागच्या गल्लीत होतं. दुकान कसलं, दोन जिन्यांच्या मधली फट. तिथे एक यंत्र, भिंतभर कोऱ्या किल्ल्या आणि बसायला एक स्टूल. बंद पडलेली कुलपं, हरवलेल्या किल्ल्या, आतून अडकलेली दारं, हा त्यांचा धंदा. वडिलांकडून आला होता. लेक पाचवीत शिकत होती, म्हणून त्या पालकसंघात होत्या. एरवी बैठकीत त्या फारसं बोलत नसत.

"नुसती सही आहे" हे शब्द त्यांनी धंद्यात फार ऐकले होते. "नुसतं दार उघडायचंय हो, माझंच घर आहे," असं म्हणत येणाऱ्या दहांतल्या एकाचं घर त्याचं नसायचं.

"वाचून करते," त्या म्हणाल्या.

अध्यक्ष हसले. त्यांचं कापडाचं मोठं दुकान होतं, आवाजही दुकानाला शोभेल असा होता. माणूस वाईट नव्हता. शाळेचे पडदे, गणवेश, खेळाडूंचे बनियन, सगळं त्यांनी पदरमोड करून दिलेलं. यंदा त्यांनी मनावर घेतलं होतं ते मैदानाचं कुंपण. मैदानाच्या एका अंगाला रस्ता होता आणि चेंडू रस्त्यावर गेला की त्याच्यामागे पोरंही जात. गेल्या महिन्यात एका टेम्पोने करकचून ब्रेक मारला, तो आवाज अख्ख्या शाळेने ऐकला होता. म्हणून शाळेचा मेळावा भरवायचा आणि त्यात नशिबाचं चाक लावायचं ठरलं. फलकही छापून झाले होते: 'चाक फिरवा, सायकल जिंका!'

पण पैसे घेऊन नशिबाचा खेळ खेळवायचा तर परवाना लागतो. परवान्याच्या अर्जाला नियमांची नऊ पानं जोडलेली होती आणि शेवटच्या पानावर सहीची रिकामी जागा.

चावीताईंनी ती नऊ पानं दुकानात बसून, गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळात वाचली. एक पान आणि एक किल्ली, एक पान आणि एक कुलूप, असं करत दोन दिवस लागले. काही ओळींखाली त्यांनी पेन्सिलीने रेघा मारल्या. रोख रकमेचं बक्षीस ठेवायचं नाही. चाक भाड्याने आणलं तर मालकाला ठरलेलं भाडं द्यायचं, गल्ल्यातला वाटा द्यायचा नाही. आयोजकांनी आणि त्यांच्या घरच्यांनी खेळायचं नाही. मोठं बक्षीस लागण्याची शक्यता किती, ते सगळ्यांना वाचता येईल असं लिहून लावायचं. मोठं बक्षीस कुणालाच लागलं नाही तर ते ठेवून घ्यायचं नाही, त्याच दिवशी सगळ्या खेळणाऱ्यांतून सर्वांसमोर चिठ्ठी काढून द्यायचं. आणि शेवटच्या पानावर, सहीच्या वर: 'साधन मी स्वतः तपासले असून त्यातील प्रत्येक घराला सारखीच संधी आहे.'

या शेवटच्या ओळीखाली त्यांनी दोन रेघा मारल्या.

पुढच्या बैठकीत त्या कागद घेऊन उभ्या राहिल्या. चाकवाल्याशी अर्ध्या गल्ल्याची बोली झाली होती, ती मोडावी लागेल म्हणाल्या. अध्यक्षांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"अहो ताई, कोण येतंय तपासायला? शाळेचं काम आहे, काही जुगाराचा अड्डा नाही."

"येणार नाही कुणी कदाचित. पण सही माझी आहे."

"बरं बाई, बरं," म्हणून त्यांनी चाकवाल्याला तिथूनच फोन लावला. गंमत म्हणजे तो लगेच तयार झाला. ठरीव भाडं तर ठरीव भाडं, त्याचं काही म्हणणं नव्हतं.

"आणि सायकल एकच घेतलीय," चावीताईंनी विचारलं, "चाकाला चाळीस घरं. सायकलीचं एक. पहिल्या दहा फेऱ्यांत कुणाला लागली, तर पुढे दिवसभर काय फिरवायचं?"

"नाही लागत," अध्यक्ष म्हणाले. "तो म्हणतो, एक पुरते. त्याचा अनुभव आहे."

अनुभव आहे म्हटल्यावर सगळ्यांनी माना डोलावल्या. चावीताईंना मात्र ते उत्तर चपलेत खडा गेल्यासारखं टोचत राहिलं. कार्यालयाच्या खिडकीपाशी दोनदा उभं राहून त्यांनी परवाना आणला, पण सहीची जागा अजून कोरीच ठेवली. चाक बघितल्याशिवाय सही नाही, असं त्यांनी खिडकीतल्या कारकुनालाही सांगितलं. त्याने चष्म्यावरून त्यांच्याकडे जरा वेळ बघितलं. इतकं नेमकं बोलणारं माणूस त्या खिडकीशी रोज येत नसावं.

मेळाव्याच्या आदल्या दिवशी, दुपारी साडेतीनच्या सुमाराला, चाकवाला आपलं चाक घेऊन शाळेच्या सभागृहात आला. चाक देखणं होतं. पुरुषभर उंच, निळ्या-पिवळ्या पट्ट्यांचं, कडेला चाळीस पितळी खुंट्या, वर चामड्याची जीभ. चाक फिरलं की जीभ खुंट्यांवरून टकटकत जायची. चाळिसांतलं एक घर लालभडक. चाकाखाली लाकडी पाट होता आणि त्या पाटावर चाकवाला उभा राहायचा.

"घ्या, फिरवा," तो चावीताईंना म्हणाला. स्वतः डावा पाय जरा पुढे टाकून उभा राहिला.

त्यांनी फिरवलं. टकटकटक, मग टक, टक, टक. चाक लालच्या एक घर अलीकडे थांबलं.

"अरेरे!" अध्यक्ष म्हणाले. "थोडक्यात गेलं!"

परत फिरवलं. या वेळी लालच्या एक घर पलीकडे. मग सहा वेळा लांब कुठेतरी. मग परत अलीकडे. अध्यक्ष दर वेळी "अरेरे" म्हणत होते आणि त्यांना मजा वाटत होती. चावीताईंना वाटत नव्हती. त्यांनी डोळे मिटून घेतले होते.

कुलूप डोळ्यांनी उघडत नाही. आत काय चाललंय ते बोटांना आणि कानांना कळतं. या चाकाचे शेवटचे टोले त्यांच्या कानाला खटकत होते. मंदावणारी गोष्ट हळूहळू मंदावते, दोन टोल्यांमधलं अंतर सारखं वाढत जातं. इथे अंतर नीट वाढत वाढत यायचं आणि मग एकदम, ताणलेला श्वास कुणीतरी दाबावा तसा एक टोला गिळला जायचा. दर वेळी नाही. जीभ लालच्या जवळ आली की तेव्हाच.

त्यांनी डोळे उघडले आणि चाकवाल्याच्या डाव्या पायाकडे बघितलं.

"जरा पाटावरून खाली उतरता?"

"का हो?"

"उतरा तर."

तो उतरला नाही. चावीताई चाकामागे गेल्या, खिशातून पेचकस काढला आणि मागच्या पत्र्याचे चार स्क्रू चाकवाला "अहो, अहो" करेपर्यंत काढून हातावर घेतले. पत्रा बाजूला झाला. आसाजवळ एका बाजूने नमद्याचा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा, तुकडा बसवलेला होता, अंगठ्याएवढा. त्याला एक स्प्रिंग, स्प्रिंगला तार, तार खाली पाटात उतरलेली. चाकवाला मागे धावला होता; त्यांनी पाटावर, त्याचा डावा पाय होता तिथे पाय दिला. नमदा आसाला चिकटला. पाय काढला, सुटला.

काम सुबक होतं. त्यांना ते मान्य करावंच लागलं. आणि बघता बघता त्यांना एक दुसरं चाक आठवलं.

त्या आठ वर्षांच्या होत्या तेव्हा गावाबाहेर जत्रेसारखं काही भरलं होतं. वडिलांनी खर्चायला दिलेली सगळी नाणी त्यांनी अशाच एका चाकावर घातली होती. वरच्या फळीवर निळ्या झग्यातली बाहुली होती. चाक दर वेळी बाहुलीच्या एक घर अलीकडे थांबायचं. शेवटचं नाणं गेलं तेव्हा आईने हात धरून ओढत घरी आणलं आणि सगळ्यांना सांगितलं, "हिच्या हाताला यश नाही." रागाच्या भरात बोलली असेल, पण ते वाक्य घरात राहिलं ते राहिलंच. घरात काही नवं सुरू करायचं तर पहिला हात दुसऱ्या कुणाचा तरी. परीक्षेचा निकाल आणायला मामा जायचा. पुढे दुकान उघडलं तेव्हाही पहिली किल्ली त्यांनी नवऱ्याला कापायला लावली होती. आणि ती वाकडी कापली गेली होती, तो भाग वेगळा. तीस वर्षं त्या स्वतःला करंटी समजत आल्या होत्या, आणि इथे अंगठ्याएवढा नमद्याचा तुकडा होता.

"हे काय आहे?" त्यांनी विचारलं. आवाज त्यांना वाटला त्यापेक्षा मोठा निघाला.

चाकवाल्याने खांदे उडवले. "तुमच्याच फायद्याचं आहे, बाई. सगळेच ठेवतात. सायकल दहाव्या फेरीला गेली तर तुमचं कुंपण कोण घालणार? मी?"

अध्यक्षांनी वाकून आत बघितलं. मग सरळ झाले आणि खिडकीबाहेर बघायला लागले.

"तुम्हाला माहीत होतं?" चावीताईंनी विचारलं.

"माहीत असं नाही." त्यांनी घसा साफ केला. "मी विचारलं नाही."

त्याच वेळी गणिताच्या बाई फलकांचा गठ्ठा घेऊन सभागृहात आल्या. त्या शाळेत पंचवीस वर्षं गणित शिकवत होत्या आणि पालकसंघात शाळेच्या वतीने बसत. त्यांनी पत्रा बघितला, तार बघितली, तिघांची तोंडं बघितली आणि गठ्ठा खाली ठेवला.

"ताई, मी काय म्हणतो," अध्यक्ष सावकाश बोलायला लागले, गिऱ्हाइकाला महागाचं कापड दाखवतात तसे. "हे पैसे कुणाच्या खिशात जाणार आहेत का? नाही. पोरांच्या कुंपणाला जाणार. लोक येणार ते द्यायलाच येणार. त्यांना सायकल मिळाली नाही म्हणून कुणाचं घर बुडत नाही. पण कुंपण झालं नाही आणि उद्या एखादं पोर..." त्यांनी वाक्य अर्धंच सोडलं. टेम्पो थांबला तेव्हा ते रस्त्यापलीकडेच उभे होते.

"मलाही कुंपण हवंय," चावीताई म्हणाल्या. "माझी लेक त्याच मैदानावर खेळते. पण द्यायला येणाऱ्याकडे हात पुढे करून मागू. त्याला सायकल दाखवून, पायाखाली तार दाबून नाही घेणार. आणि तेही शाळेत, पोरांच्या देखत."

"पोरांना काय कळतंय?"

"पोरांना एवढंच कळतं, की चाक आपल्याला नको म्हणतंय." त्यांनी नमद्याला बोट लावलं. "ते फार वर्षं टिकतं."

चाकवाला पाटावर बसला होता. "तार काढली तर मी नाही उभा राहणार उद्या. माझी पद्धत नाही ती."

"नका राहू. भाडं ठरलंय, चाक ठेवून जा. मी उभी राहते." चावीताईंनी खाली बसून नमदा सोडवला, स्प्रिंग सोडवली, तार गुंडाळली, सगळं वर्तमानपत्राच्या कागदात बांधून त्याच्या हातात दिलं. "हे तुमचं. मोजून घ्या, एकही वस्तू ठेवलेली नाही."

त्याने पुडी घेतली आणि अध्यक्षांकडे बघितलं. अध्यक्ष परत खिडकीबाहेर बघत होते. तो गेला.

"झालं!" अध्यक्ष मटकन खुर्चीत बसले. खुर्ची बालवाडीची होती, त्यामुळे त्यांचे गुडघे हनुवटीला लागले. "आता पहिल्या तासात सायकल जाणार, आणि फलकावर तर छापलंय. फाडून टाकायचे का सगळे?"

"फाडायला कशाला हवेत?" गणिताच्या बाई पुढे आल्या. त्यांनी पाठीमागच्या फळ्यावरचा खडू उचलला. "लाल घर एकदा लागण्याची शक्यता चाळिसात एक. बरोबर? एकदा लाल लागलं की फुकट दुसरी फेरी द्या. लागोपाठ दुसऱ्यांदा लाल लागलं तर सायकल. चाळीस गुणिले चाळीस."

"सोळाशे," चावीताई म्हणाल्या.

"सोळाशेत एक. उद्या फार तर सहाशे-सातशे फेऱ्या होतील. सायकल गेलीच तर गेली, पण बहुधा नाही जाणार. बाकीच्यांतल्या दहा घरांवर पालकांनी दिलेल्या वस्तू ठेवा, छत्र्या, दप्तरं, घड्याळं. लबाडीची गरजच नाही हो. साधं गणित पुरतं."

अध्यक्ष फळ्याकडे बघत राहिले. "पण ते नियमात आहे ना, शक्यता लिहून लावायची? सोळाशेत एक वाचलं तर कोण कुत्रं खेळेल?"

"ते उद्या कळेल," चावीताई म्हणाल्या. त्यांचं लक्ष घड्याळाकडे होतं. खेळाची रीत बदलली तर परवान्यावर नोंद करून घ्यावी लागते, हे पाचव्या पानावर होतं. कार्यालय पाचला बंद होत होतं, आणि साडेचार वाजून गेले होते.

त्यांनी धावत जाऊन बस पकडली, बस गर्दीत अडकली म्हणून दोन थांबे आधी उतरल्या आणि उरलेलं अंतर साडीचा घोळ मुठीत धरून पळत कापलं. कारकून खिडकीची झडप खाली ओढत होता. चावीताईंनी झडपेखाली हात घातला.

"बाई! बोटं जातील!"

"मग ओढू नका. एक नोंद आहे."

त्याने कागद वाचला. मग परत वाचला. "म्हणजे तुम्ही स्वतःहून शक्यता कमी केलीत आणि ती मोठ्या अक्षरांत लिहिणार?"

"हो."

"आणि साधन तपासलंत?"

"उघडून."

त्याने शिक्का मारला. तिथेच, खिडकीच्या फळीवर कागद ठेवून चावीताईंनी शेवटच्या पानावर सही केली. धाप लागली होती म्हणून अक्षर जरा वेडंवाकडं आलं, पण सही त्यांचीच होती.

घरी आल्यावर त्यांनी आईला सगळं सांगितलं. आई आता त्यांच्याकडेच असायची. पायांनी थकली होती, जिभेने नाही. नमद्याचं ऐकून मात्र ती हातातली वाटी नुसती फिरवत बसली.

"म्हणजे त्या मेल्याने पायाने दाबलं असेल," शेवटी ती म्हणाली.

"असेल. कुणास ठाऊक."

"आणि मी जगभर सांगत सुटले, तुझ्या हाताला यश नाही म्हणून." आईने वाटी खाली ठेवली. "मला कुणी सांगितलं असतं तर त्याचं चाक मोडून हातात दिलं असतं." मग जरा वेळाने, "उद्या मला घेऊन चल. मी फिरवणार चाक."

"तुला नाही फिरवता येणार."

"का? पाय दुखतात, हात धड आहेत."

"जबाबदार व्यक्तीच्या घरच्यांनी खेळायचं नाही. नियम आहे."

"असला कसला नियम!" आई चिडली. "आता कुठे तुझं नशीब सुधारलं, आणि तूच नियम काढतेस!" पण असं म्हणताना तिने लेकीचा हात हातात घेतला होता आणि तो बराच वेळ सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी मेळावा भरला. सभागृहाच्या मध्यावर चाक उभं केलं होतं, मागचा पत्रा काढून भिंतीला टेकवलेला, पाटही काढलेला. कुणीही मागे जाऊन बघावं: एक आस, दोन बेअरिंगं, बस्स. बाजूला गणिताच्या बाईंच्या अक्षरात हातभर फलक: 'लाल घर लागोपाठ दोनदा आले तर सायकल. शक्यता: सोळाशेत एक. अठरा वर्षांखालील मुलांनी पैसे लावून खेळू नये.'

पहिला अर्धा तास कुणी फिरकलं नाही. लोक यायचे, फलक वाचायचे, हसायचे आणि सरबताकडे वळायचे. अध्यक्ष दारात उभे राहून चावीताईंकडे नुसते बघत होते. त्या चाकाजवळ उभ्याच राहिल्या. जुळ्यांचा बाप असलेला बेकरीवाला आला. त्याने फलक दोनदा वाचला.

"सोळाशेत एक? आणि तुम्ही ते लिहून लावलंत?"

"जे आहे ते आहे."

"बाकी चाकांवर किती असते?"

"ते लिहीत नाहीत."

बेकरीवाला खदखदून हसला आणि त्याने तिकीट घेतलं. तिकिटाच्या अर्ध्या भागावर नाव लिहून ते पेटीत टाकलं, अर्धा खिशात. चाक फिरवलं. काहीच नाही. पुन्हा घेतलं, छत्री लागली. छत्री उघडून तो सभागृहभर फिरला आणि फुकटात जाहिरात झाली. बाराच्या सुमाराला चाकापुढे रांग लागली.

दुपारी त्याच बेकरीवाल्याला लाल घर लागलं. रांग मोडली, सगळे भोवती गोळा झाले. सरबतवाल्या आया पेले हातात घेऊन आल्या. दुसरी फेरी. त्याने दोन्ही हात पँटीला पुसले, जुळ्यांच्या डोक्यांवर हात ठेवला आणि चाकाला असा हिसडा दिला की खुंट्या दिसेनाशा झाल्या. टकटकटक. टक. टक. अंतर वाढत गेलं, नीट, एकसारखं. जीभ लाल घरात आली, शेवटच्या खुंटीला वाकली, वाकून राहिली, आणि सुटली.

एक घर पलीकडे.

बेकरीवाल्याचं तोंड पडलं. तो चाकाला वळसा घालून मागे गेला. चावीताई जागेवरून हलल्या नाहीत. त्याने वाकून आसाखाली, आसामागे बघितलं, बोट फिरवून बघितलं.

"इथे तर काहीच नाही हो."

"काहीच नाही. म्हणून उघडं ठेवलंय."

तो हाताला लागलेलं तेल बघत उभा राहिला. मग म्हणाला, "म्हणजे खरंच थोडक्यात गेलं!" आणि हसत रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिला.

सायकल लागली नाही. पाच वाजता चाक थांबवलं तेव्हा अध्यक्षांचा चेहरा उजळला होता. "ठेवून देऊ. पुढच्या वर्षी कामाला येईल."

"आजच चिठ्ठी काढायची," चावीताई म्हणाल्या. "सर्वांसमोर."

अध्यक्षांनी हात जोडले. या बाईशी वाद घालायचा नाही एवढं ते दोन दिवसांत शिकले होते.

पेटी हलवून आणली. गणिताच्या बाईंनी छताकडे बघत आत हात घातला आणि एक चिठ्ठी चावीताईंच्या हातात दिली. चावीताईंनी ती उघडली. त्यांच्या खांद्यावरून अध्यक्षांनीही वाचली. नाव नव्हतं. घाईघाईत खरडलेलं होतं: 'दातांचा दवाखाना, समोर.'

दातांचे डॉक्टर सकाळी तणतणत आले होते ते कर्ण्याच्या आवाजाची तक्रार करायला. खुर्चीत रुग्ण आणि बाहेर गाणी, काय चाललंय काय! अध्यक्षांनी गोड बोलून आवाज कमी केला होता आणि ओशाळून डॉक्टरांनी एक तिकीट घेतलं होतं. त्यांचं मूल या शाळेत नव्हतं. दारात गाडी होती.

अध्यक्ष कानाशी कुजबुजले, "दुसरी काढू या ना. अजून कुणी बघितली नाही. तो बेकरीवाला बघा, पोरं घेऊन उभा आहे."

चावीताईंनी बघितलं. जुळी पोरं पुढेच उभी होती, बोटं एकमेकांत अडकवून. क्षणभर त्यांनाही वाटलं, काय बिघडतं? चिठ्ठी मुठीत गेली की गेली. हात आपला आहे. मग त्यांच्या लक्षात आलं, की आपल्या मनातही आता एक तार आहे आणि आपला पाय तिच्यावर ठेवलेला आहे.

त्यांनी घसा खाकरून मोठ्याने वाचलं, "तिकीट क्रमांक बावन्न. समोरचा दातांचा दवाखाना."

सभागृहातून "हात्तिच्या!" असा एकच आवाज उठला. कुणीतरी हसलं, कुणी नाराजीने चुकचुकलं. जुळी हिरमुसली. बेकरीवाल्याने त्यांना छत्री उघडून दिली.

डॉक्टरांना बोलावून आणलं. पांढरा कोट तसाच अंगावर. सायकल बघून ते गोंधळले. "मला कशाला? कुणातरी मुलाला द्या."

"तुमची आहे," चावीताई म्हणाल्या. "इथे सही करा, मग कुणालाही द्या. आधी घ्यावी लागेल."

डॉक्टरांनी सही केली. सायकलीच्या दांडीवरून हात फिरवला. घंटी वाजवून बघितली. परत वाजवली. मग कुणी काही म्हणायच्या आत तिला ढकलत मैदानावर नेलं, कोटाची टोकं गोळा करून कमरेशी खोचली आणि टांग मारली. सुरुवातीला चाक डगमगलं, ते आता पडणार म्हणून लोक पायऱ्यांवर येऊन उभे राहिले. ते पडले नाहीत. मैदानाला एक फेरी झाली, दुसरी झाली.

लेक चावीताईंशेजारी येऊन उभी राहिली. "आई, ते कुणाला देणार नाहीत वाटतं."

"दिसत तर नाही तसं."

अध्यक्ष गल्ल्याची पेटी काखेत घेऊन बाहेर आले. त्यांनी आणि गणिताच्या बाईंनी बेरीज केली होती. "रस्त्याकडची बाजू होईल," ते म्हणाले. "पूर्ण, पक्की. मागची नाही होणार. चाकवाल्याच्या तारेने दोन्ही झाल्या असत्या कदाचित." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, पण आनंदही नव्हता.

"मागच्या बाजूला भिंत आहे," चावीताई म्हणाल्या. "पडकी आहे, पण आहे. पुढच्या वर्षी बघू."

अध्यक्षांनी मान डोलावली. मैदानावर डॉक्टरांनी तिसरी फेरी सुरू केली होती, आणि जुळी पोरं मिटलेली छत्री भाल्यासारखी पुढे धरून त्यांच्या मागे धावत होती.